हिरव्या दिव्यापाशी

बसा.

खोलीतला मोठा दिवा बंद करा. पंखा चालू राहू द्या. स्वयंपाकघरातून फ्रीजची घरघर येते आहे, ती येऊ द्या.

आता त्या लहानशा डबीकडे बघा. टीव्हीखालच्या कपाटात असेल, नाहीतर राउटरच्या शेजारी. आत रास्पबेरी पाय आहे. 85 मिलिमीटर लांब, 56 मिलिमीटर रुंद. घरातले दिवे, पाण्याची मोटर, दारावरचा सेन्सर, सगळं तो एकटा सांभाळतो. पाय 4 असेल तर कडेला दोन बारीक दिवे दिसतील. लाल दिवा स्थिर आहे. हिरवा लुकलुकतो.

हिरव्यावर नजर ठेवा.

कार्ड घ्यायचं की एसएसडी, कुठल्या कंपनीची, किती जीबीची, हे प्रश्न डोक्यात घोळत असतील. घोळू द्या. त्यांना उत्तर देऊ नका. अजून नाही.

फक्त हिरवा दिवा.

एकदा लागतो. विझतो. मग दोनदा, लागोपाठ.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

हा दिवा लागतो तेव्हा मेमरी कार्डाशी देवघेव चालू असते. काहीतरी वाचलं जातं किंवा लिहिलं जातं. या वेळी, घरात कुणी हलत नसताना, बहुतेक लिहिलंच जातं.

घर काय लिहितं आहे?

या प्रश्नापाशी थांबा. घाई नाही.

ऐका.

बेडरूममधलं तापमान 26.4 होतं, ते 26.5 झालं. घराने लिहून ठेवलं.

फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला. स्मार्ट प्लगने वॅट मोजले. लिहिलं. पुन्हा मोजले, दोनने कमी. लिहिलं.

वायफायचा सिग्नल थोडा घसरला. लिहिलं. थोडा वर आला. तेही लिहिलं.

जिन्यातल्या मोशन सेन्सरसमोरून मांजर गेलं. लिहिलं.

तुम्ही झोपलेले असता, घर लिहीत असतं.

होम असिस्टंट नावाची जी प्रणाली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे काम करते, तिची सुरुवात 2013 साली झाली. पाउलस स्काउट्सेन यांनी सूर्यास्ताला घरातले दिवे लागावेत म्हणून लिहिलेला तो एक छोटा प्रोग्रॅम होता. संध्याकाळ झाली की दिवा. एवढंच. आज तीच प्रणाली घरातला प्रत्येक बदल एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये नोंदवते. मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर दर पाच सेकंदांनी साचलेल्या नोंदी कार्डावर उतरतात.

पाच सेकंद.

एक सावकाश श्वास साधारण तेवढाच असतो.

श्वास घ्या. सोडा. लिहिलं गेलं.

पुन्हा घ्या. सोडा. पुन्हा लिहिलं गेलं.

असं चोवीस तास. प्रत्येक पाच सेकंदांत काही ना काही बदलत राहिलं, तर दिवसाला 17,280 वेळा. आकडा डोक्यात धरून ठेवायची गरज नाही. दिवा बघा, तोच सांगतो आहे.

आता नजर तिथेच राहू द्या, आणि मनाने आत जा.

बोर्डाच्या खालच्या अंगाला कार्ड बसलेलं आहे. 15 मिलिमीटर लांब, 11 रुंद, जेमतेम 1 जाड. घराची सगळी आठवण या क्षणी एवढ्याशा जागेत आहे.

अजून आत.

सिलिकॉनवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार अडकवून ठेवलेला आहे. भार किती, हीच नोंद. बोर्ड बंद केला तरी भार जागचा हलत नाही, कारण त्याच्या आड ऑक्साइडचा एक थर आहे. काही नॅनोमीटरचा. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली ही नँड फ्लॅशची रचना मांडली. कार्ड, पेन ड्राइव्ह, एसएसडी, मोबाइल, सगळ्यांच्या पोटात आज तीच आहे.

त्या थरापाशी थांबा.

लिहायचं म्हणजे सुमारे 20 व्होल्टचा जोर लावून इलेक्ट्रॉनांना थरातून आत ढकलायचं. पुसायचं म्हणजे त्याच वाटेने बाहेर ओढायचं. दर वेळी थर किंचित दुखावतो.

जुन्या वाड्याचा उंबरठा आठवा. मधोमध झिजून खोलगट झालेला. आत किती माणसं राहतात, किती वर्षं राहतात, याने तो झिजत नाही. ओलांडण्याने झिजतो.

कार्डात नोंद ठेवल्याने झीज होत नाही. वाचल्याने जवळजवळ नाही. लिहिण्या-पुसण्याने होते.

हे एकदा शांतपणे मनात उतरू द्या. साठवणीच्या निवडीतलं निम्म्याहून अधिक इथेच आहे.

श्वास घ्या.

एका कप्प्यात एकच बिट ठेवलं, तर भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असतात. आहे, किंवा नाही. असा कप्पा साधारण 1,00,000 वेळा लिहिणं-पुसणं सोसतो. तीन बिट ठेवले तर आठ पातळ्या. फरक बारीक, चूक व्हायला जागा कमी. असा कप्पा साधारण 1,000 ते 3,000 वेळा सोसतो. चार बिट, सोळा पातळ्या, आणखी कमी. कार्ड जितकं स्वस्त आणि जितकं मोठं, तितकी प्रत्येक कप्प्यात दाटी असण्याची शक्यता जास्त. पाकिटावर हे सहसा छापलेलं नसतं.

आणि एक गोष्ट आहे. ती जरा सावकाश बघू.

फ्लॅशवर लिहिणं पानापानाने होतं. पुसणं तसं होत नाही. पुसायचा असतो अख्खा ब्लॉक, त्यात शेकडो पानं. तापमानाचा एक आकडा बदलला, थोड्याशा बाइट बदलल्या. तेवढ्यासाठी पूर्ण पान नव्याने लिहावं लागतं. ब्लॉक भरले की त्यातली चांगली पानं उचलून दुसरीकडे न्यायची, मग जुना ब्लॉक पुसायचा. घराने थोडं लिहिलं, कार्डाने आतल्या आत कितीतरी जास्त लिहिलं.

कार्डांची ही जात कॅमेरा आणि मोबाइलसाठी घडली. मोठा फोटो, सलग, एकदाच. घर तसं लिहीत नाही. घर थोडं थोडं लिहितं, सतत, जागा बदलून बदलून.

दिव्याकडे बघा. तीच त्याची लय आहे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे परत या. घर काय लिहितं आहे, हे ऐकलंत. आता आणखी हळू विचारा.

यातलं काय हवं आहे?

डोळे मिटले तरी चालतील.

वायफायचा सिग्नल गेल्या मंगळवारी रात्री किती होता, हे कधी बघितलं आहे का? प्रिंटरची शाई? राउटर किती तास चालू आहे, याचा दर मिनिटाचा हिशेब?

आणि काय हवं आहे? मीटरचं दिवसाचं युनिट. आजीच्या खोलीतलं रात्रीचं तापमान. टाकी भरायला मोटर किती वेळ चालली.

जे नको आहे ते मनातल्या मनात बाजूला ठेवा. उद्या उजेडी होम असिस्टंटच्या रेकॉर्डरमध्ये त्या नोंदी वगळा. पाच सेकंदांचे तीस सेकंद करा. वीज गेली तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या नोंदी जातील, घराचं काही अडणार नाही. सविस्तर इतिहास मूळ सेटिंगनुसार 10 दिवस राहतो. तापमान, युनिट अशा आकड्यांची तासातासाची सरासरी वेगळी ठेवली जाते आणि ती पुढेही टिकते. म्हणजे तुमच्या हातून फारसं काही निसटत नाही.

मला हे पाऊल खरेदीच्या आधीचं वाटतं. पैसे लागत नाहीत, आणि पुढे जे काही घ्याल त्याचं आयुष्य वाढतं.

श्वास सोडा.

आता खिडकीबाहेर कान द्या.

वळवाचं आभाळ भरून आलं आहे असं समजा. झाडाच्या फांद्या तारांना घासतात. वीज जाते. येते. पुन्हा जाते.

वीज गेली तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता का?

या क्षणात थांबा. पुष्कळ कार्डं झिजून मरायच्या आधी इथे मरतात.

वरच्या मजल्यावर बंदोबस्त आहे. एसक्यूलाइट आधी काय बदलायचं ते टिपून ठेवतो, मग बदलतो. खालची ईएक्सटी4 फाइल सिस्टिमही तसंच करते. अर्धवट राहिलं तर वीज आल्यावर ती टिपणं बघून घडी बसवली जाते.

पण त्याच्याही खाली कार्डातला कंट्रोलर आहे. तो स्वतःच्या मर्जीने पानं हलवत असतो. तुम्ही महिन्यांपूर्वी लिहिलेलं एखादं पान नेमकं त्या क्षणी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात चाललेलं असतं. आणि एका कप्प्यात दोन-तीन बिट असतात तेव्हा नवं लिहिणं अर्ध्यात तुटलं, तर त्याच कप्प्यातलं आधीचं, नीट लिहून झालेलं बिटही बिघडू शकतं.

ज्याला कुणी हात लावला नव्हता, तेही जातं.

म्हणून सकाळी बोर्ड सुरू होत नाही आणि कारण कळत नाही, काल तर आपण काहीच बदललं नव्हतं.

श्वास घ्या. पोटापर्यंत.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो वीज उचलतो, पण मधे एक क्षण जातो. बोर्ड कधी तो क्षण निभावतो, कधी नाही. पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअर लागतात. तेवढं न खचता देणारा छोटा यूपीएस बोर्डाच्या आधी असला, तर हा क्षण येतच नाही. सर्व्हरसाठी बनवलेल्या काही एसएसडींत वीज गेल्यावर चालू लिहिणं पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींत ते सहसा नसतात. एसएसडी घेतली म्हणून वळवाची भीती संपली, असं नाही.

आता निवडीकडे वळू. तितक्याच सावकाश.

कार्डच ठेवायचं असेल, तर ठेवता येतं. हाय एन्ड्युरन्स म्हणून मिळणारी कार्डं गाडीतल्या आणि सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी असतात. रात्रंदिवस लिहिणं हेच त्यांचं काम. घराची लिहायची रीत वेगळी असली तरी ती साध्या कार्डापेक्षा जास्त सोसतात. पाकिटावरची ए1 आणि ए2 ही अक्षरं लहान लहान लिहिण्या-वाचण्याचा वेग सांगतात, टिकाऊपणा सांगत नाहीत. लागेल त्याहून मोठं कार्ड घ्या. 32 जीबीत भागत असेल तर 64 घ्या. कंट्रोलरला झीज पसरवायला जागा मिळते. आणि ओळखीच्या दुकानातून घ्या. नकली कार्डं पुष्कळ फिरतात. वर 128 लिहिलेलं असतं, आत तेवढं नसतं. आल्या आल्या पूर्ण भरून तपासलं की कळतं. एफ3 नावाचं साधन त्यासाठी मोफत मिळतं.

होम असिस्टंट ग्रीनसारख्या तयार पेटीत ईएमएमसी असते. बोर्डावरच बसवलेली चिप. कार्डाच्या खाचेत धूळ आणि दमट हवा जाते, तो प्रश्न तिथे नाही. ती बिघडली तर बदलता मात्र येत नाही.

आणि एसएसडी.

इथे जरा बसू.

एसएसडीच्या आतही तेच कप्पे आहेत, तोच थर. पण कंट्रोलर मोठा आहे, त्याच्या हाताशी मोकळे ब्लॉक जास्त आहेत, आणि लहान लहान लिहिण्याची त्याला सवय आहे. किती लिहून सोसेल, हे कंपनी आकड्यात सांगते. टीबीडब्ल्यू. 250 जीबीच्या चांगल्या, साध्या एसएसडीवर हा आकडा 150 टेराबाइटपर्यंत असतो. घराने रोज 10 जीबी लिहिलं, तरी 15,000 दिवस. सुमारे 41 वर्षं.

एवढी वर्षं ती चालेल, असा याचा अर्थ नाही. लिहिण्याने ती मरणार नाही, एवढाच आहे. कनेक्टर सैल होईल, कंट्रोलर जाईल, उन्हाळा सोसणार नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात. बंद कपाटात, राउटरच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या डबीला काय होत असेल, ते हात लावून बघा. उष्णतेत कप्प्यातला भार लवकर झिरपतो. डबीला हवा द्या. फ्लॅशच्या जातीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे.

एसएसडीला तिची तब्येतही विचारता येते. स्मार्ट नावाची नोंद ती स्वतः ठेवते. किती लिहून झालं, किती आयुष्य उरलं. साध्या कार्डाला हे विचारायची सोय बहुधा नसते. ते एक दिवस गप्प होतं.

पाय 4 वर एसएसडी यूएसबीतून जोडली जाते. मधली केबल आणि तिच्यातली चिप यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि बिघाड बरेचदा तिथूनच येतो. चारही यूएसबी पोर्टना मिळून बोर्ड 1.2 अँपिअर देतो. एसएसडीने जास्त मागितलं, किंवा अडॅप्टर हलका असला, की व्होल्टेज खचतं. 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड तक्रार नोंदवतो. ती नोंद दिसली तर आधी अडॅप्टर बदला.

आणखी एक. झिग्बीचा डोंगल त्याच बोर्डाला असेल, तर तो यूएसबी 3 च्या निळ्या पोर्टपासून दूर ठेवा. यूएसबी 3 च्या तारेतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट पसरतो. झिग्बी तिथेच बोलतं. एसएसडी लावली आणि जिन्यातला सेन्सर मुका झाला, तर सेन्सरला दोष देऊ नका. डोंगल काळ्या पोर्टात, एका हातभर एक्स्टेन्शन केबलच्या टोकाला न्या. पुन्हा ऐकू येऊ लागतं.

पाय 5 वर पीसीआयई आहे, छोट्या अडॅप्टर बोर्डावरून एनव्हीएमई एसएसडी जोडता येते, यूएसबीची मधली तार जाते. नवा बोर्ड घेणारच असाल तर तो मार्ग नीट आहे. फक्त त्यासाठी चालू असलेला पाय 4 मोडीत काढावा, असं मला वाटत नाही. साधी साटा एसएसडी, भरवशाची केबल, दमदार अडॅप्टर. घराला एवढं पुरतं.

पुन्हा हिरव्या दिव्याकडे या.

एसएसडीवर घर हलवलंत, की पाय 4 वरचा हा दिवा सहसा शांत होतो. तो कार्डाशी बांधलेला आहे. घर लिहीत राहील, पण इथे दिसणार नाही.

म्हणून आज बघून घ्या.

लागला. विझला. लागला.

श्वास त्याच्या मागे जाऊ द्या. आणि शेवटचा प्रश्न विचारा.

ही साठवण उद्या सकाळी गेली, तर घर कुठून उभं राहील?

उत्तर लगेच देऊ नका. छातीत काय होतं, ते बघा. काही ठिकाणी मोकळं वाटेल. काही ठिकाणी आवळल्यासारखं होईल. आवळलं तर तिथेच थोडं राहा.

होम असिस्टंट आपोआप बॅकअप घेऊ शकतं. 2025 च्या जानेवारीपासून ती सोय सोपी झाली आहे. रोज, ठरल्या वेळी, कुलूपबंद करून. पण तो बॅकअप त्याच कार्डावर, त्याच एसएसडीवर पडून असेल, तर तो तिच्याबरोबरच जाईल. तो बाहेर गेला पाहिजे. दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर, नाहीतर क्लाउडवर. शक्य झालं तर दोन्हीकडे.

आणि तो उघडून बघितला पाहिजे.

एखाद्या रविवारी रिकामं कार्ड घ्या. होम असिस्टंट नव्याने चढवा. पहिल्याच पडद्यावर बॅकअपमधून परत आणायचं का, असं विचारलं जातं. हो म्हणा. थांबा. चहा घ्या. घर परत आलं का बघा. जिन्यातला सेन्सर बोलतो आहे का, संध्याकाळचे दिवे यादीत आहेत का.

ते सगळं दिसलं, तर मग कार्ड घ्या, एसएसडी घ्या, मन सांगेल ते घ्या. घाबरून घ्यायची वेळ टळली.

फक्त एक. बॅकअप कुलूपबंद असतो आणि परत आणताना प्रणाली एन्क्रिप्शन की मागते. ती की आत्ता कुठे आहे? त्याच बोर्डावर असेल तर उपयोग नाही.

उठा. दिवा लावा. ती कागदावर उतरवा, आणि घराच्या दस्तऐवजांच्या फाइलमध्ये लावून टाका.